वैद्यकीय इंग्रजीतली न बोलणारी अक्षरे

हगवण लागलेला माणूस यवतमाळ किंवा चंद्रपूरकडून सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात येतो, केसपेपर काढतो आणि ओपीडीत जाऊन बसतो. तो हगवण म्हणतो, डॉक्टर डायरिया म्हणतात आणि कागदावर नऊ अक्षरे उमटतात : डी, आय, ए, आर, आर, एच, ओ, ई, ए. नुसता उच्चार ऐकून हा शब्द लिहायला घेतला तर दुसरा आर, एच आणि ओ सुचणार कुठून? कानाला ती ऐकूच येत नाहीत. इंग्रजीतल्या वैद्यकीय शब्दांत अशी अक्षरे जागोजाग आहेत. न्यूमोनियाच्या आरंभी पी आहे, सिस्टमध्ये आयच्या जागी वाय आहे, कॉलऱ्याच्या आरंभी सी-एच आहे, लॅरिंक्सच्या शेवटी एक्स आहे. विद्यार्थी ती घोकतात, कारण स्पेलिंगला घोकण्यावाचून इलाज नाही असे त्यांना शाळेपासून सांगितलेले असते.

या अक्षरांमागे नियम आहेत, ते मोजकेच आहेत, आणि वर्णमाला व संस्कृत शब्द यांच्या सहवासात वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला ते इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगू शकतात. हे दाखवणे हाच या विवेचनाचा हेतू.

सावंगी हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे) यांच्यासारखेच हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. १९९० साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २००५ साली त्याभोवतीच्या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. थोड्याच अंतरावर सेवाग्रामला १९६९ पासूनचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. नीट ही प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र ती देऊन प्रवेश मिळाला की दुसऱ्या दिवसापासून शरीररचनेचे पुस्तक इंग्रजीत असते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक अवघड शब्द मुळात इंग्रजीही नसतात.

ते ग्रीक किंवा लॅटिन असतात. अवयवाचे नाव आणि त्याचे वर्णन बहुधा लॅटिनमधून आलेले असते, रोगाचे व शास्त्रशाखेचे नाव बहुधा ग्रीकमधून. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीला रीनल म्हणतात, पण मूत्रपिंडाच्या दाहाला नेफ्रायटिस आणि त्या शाखेला नेफ्रॉलॉजी. फुप्फुसाची धमनी पल्मोनरी, आजार मात्र न्यूमोनिया. त्वचेखालची सुई सबक्युटेनियस, पण त्वचेचे शास्त्र डर्मॅटॉलॉजी. ही विभागणी काटेकोर नाही, तरी तिचा उपयोग मोठा आहे. लॅटिन शब्द रोमन लिपीतच जन्मलेले असल्यामुळे त्यांचे स्पेलिंग साधे असते : फीमर, टिबिया, व्हर्टिब्रा, रेक्टम. छळतात ती ग्रीक शब्दांची अक्षरे, कारण ते शब्द एका लिपीतून उचलून दुसरीत बसवले आहेत. परक्या ध्वनीसाठी रोमन लेखनिकांनी ज्या खुणा केल्या, त्या अजून तशाच राहिल्या आहेत.

एच : महाप्राणाची खूण

ग्रीक लिपीत फाय, थीटा आणि काय ही तीन स्वतंत्र अक्षरे आहेत. हिप्पोक्रॅटिसच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, त्यांचे उच्चार अनुक्रमे फ, थ आणि ख असे होते. लॅटिनमध्ये महाप्राण नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी अक्षरेही नव्हती. सुरुवातीला रोमन लोकांनी नुसत्या पी, टी, सीवर भागवले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास मात्र ते प्रत्येकापुढे एच लिहू लागले. आपण फडके, थत्ते, खरे ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना नेमके हेच करतो. पी-एच, टी-एच, सी-एच यांत पी, टी आणि सी हे मूळ वर्ण, आणि एच हा त्यांच्यावर दिलेला श्वासाचा जोर.

इंग्रज मुलाला हे समजावून सांगणे कठीण जाते. त्याच्या भाषेत प आणि फ यांच्या भेदाने अर्थ बदलत नाही, म्हणून त्याचा कान तो भेद टिपत नाही. मराठी मूल मात्र प-फ, त-थ, क-ख या जोड्या लिहायला शिकण्याआधीच वेगळ्या ओळखते. पुढे ग्रीकांच्या तोंडीच हा फ घसरला आणि खालचा ओठ वरच्या दाताला लावून काढला जाऊ लागला. आजच्या मराठीत तोच बदल आपल्या कानांदेखत घडतो आहे. ‘फळ’, ‘फूल’ यांतला फ तरुण पिढीतले अनेकजण ओठ न मिटता काढतात. अक्षर तेच राहते आणि ध्वनी बदलतो तो कसा, हे पाहायला दोन हजार वर्षे मागे जायला नको.

यातून पहिला नियम निघतो. ग्रीक शब्दात एफ कधीच येत नाही, कारण ग्रीकांकडे तो ध्वनीच नव्हता. नेफ्रायटिस, फॅरिंक्स, डायफ्रॅम, फ्लेबायटिस, फोबिया या सगळ्यांत पी-एच. फीव्हर, फ्रॅक्चर, फिस्टुला, फिब्युला, इन्फेक्शन हे सगळे लॅटिनकडचे, म्हणून एफ. संकर झालेले शब्दही असतात. फायब्रोमाचे शेपूट ग्रीक आहे पण धड लॅटिन, म्हणून तिथे एफच. मूळ भाषा पाहायची ती शब्दाच्या त्या तुकड्याची, सगळ्या शब्दाची नाही.

टी-एचच्या बाबतीत तर आपला उच्चार इंग्रजांपेक्षा जुन्याच्या जवळचा आहे. थोरॅक्स, थायरॉइड, थेरपी यांत आपण सरळ थ म्हणतो. इंग्रज तिथे जीभ दातांत धरून नुसती हवा सोडतो, प्राचीन ग्रीक वैद्य तसे करत नव्हता. अस्थमामधला थ इंग्रजाने गिळून टाकला, आपण स्पेलिंग पाहून तो परत आणला. व्याख्यानाच्या खोलीत असा उच्चार करणाऱ्या विद्यार्थ्याने ओशाळण्याचे काही कारण नाही. जगाशी बोलण्यासाठी आजचा इंग्रजी उच्चार शिकावाच, पण आपला थ अडाणीपणातून आलेला नाही हेही त्याला ठाऊक असावे.

सी-एच हा मूळचा ख आणि इंग्रजीतला क. कॉलरा, क्रॉनिक, ब्राँकायटिस, ट्रॅकिया, सायकिॲट्री. साध्या ग्रीक ककाराचे लॅटिनमध्ये सी झाले, आणि पुढे ई, आय, वाय यांच्या आधी त्या सीचा उच्चार स झाला. म्हणून सिस्ट, सायनोसिस, एन्सेफलायटिस यांत स ऐकू येत असला तरी अक्षर सी असते. स ऐकला आणि मागोमाग वाय असला, तर एस की सी हा प्रश्न मूळ ग्रीक ध्वनी पाहूनच सुटतो : सिस्टमध्ये मूळचा क आहे, सिंप्टममध्ये मूळचा स.

महाप्राणांचा सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑफ्थॅल्मॉलॉजी आणि डिफ्थीरिया या शब्दांत. दोन्हींत पी-एच-टी-एच अशी सलग चार अक्षरे आहेत, आणि पहिला एच हमखास गळतो. नेत्रविभागांच्या पाट्यांवर ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ आणि घटसर्पाच्या लसीच्या तक्त्यावर ‘डिप्थेरिया’ असे सर्रास दिसते. इंग्रजी भाषकही ही चूक करतात, पण आपल्याकडे तिला एक खास कारण आहे. संस्कृत जोडाक्षरात दोन महाप्राण शेजारी आले की पहिला अल्पप्राण होतो. बुध् धातूला त प्रत्यय लागून बुद्ध होते, बुध्ध होत नाही. उत्थान, अच्छ यांतही तेच. आपल्या जिभेने हा संस्कार पचवलेला असल्यामुळे ‘फ्थ’चे ‘प्थ’ आपोआप होते. ग्रीक लेखनात मात्र दोन्ही महाप्राण शेजारी राहतात. हा फरक एकदा समजला की पहिला एच विसरत नाही.

असाच एक नियम मात्र दोन्ही भाषांत सारखा आहे. शब्दाच्या लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले तर पहिला सोडायचा. संस्कृतात भू धातूचे रूप ‘बभूव’ होते, ‘भभूव’ होत नाही. ग्रीकमध्येही हेच घडते हे गणिती आणि ऋग्वेदाचा अभ्यासक हर्मान ग्रासमान याने १८६३ साली दाखवले. त्वचारोग विभागात याचे उदाहरण रोज सापडते. केसाचा ग्रीक शब्द एका रूपात थ्रिक्स आणि दुसऱ्या रूपात त्रिख्. म्हणून मण्यांसारख्या गाठी असलेल्या केसांच्या विकाराला मोनिलेथ्रिक्स म्हणताना एच हा टीला चिकटतो, आणि नायट्याची बुरशी ट्रायकोफायटॉन लिहिताना तोच एच टीला सोडून सीकडे जातो. दोन्हीकडे एकेकच. ‘बभूव’ पाठ असलेल्याला यात नवल वाटू नये.

राहिला आर-एच. शब्दारंभीचा ग्रीक र श्वास सोडत उच्चारला जाई. त्याला जवळचा ध्वनी इंग्रजीत नाही, मराठीत आहे : वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हा, ऱ्हास. आपला ऱ्ह घोष आहे आणि ग्रीकांचा अघोष होता, एवढाच भेद. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागतो, तेव्हा सावंगीच्या विद्यार्थ्याला हा ध्वनी परका नाही. ऱ्हुमॅटिझम, ऱ्हायनायटिस, ऱ्हिदम या सर्वांच्या आरंभी आर-एच आहे. असा शब्द दुसऱ्याला जोडला गेला आणि आधी स्वर आला, तर ग्रीकमध्ये र दुप्पट होई. डायरियातले दोन आर आणि एच इथून येतात : ‘डाया’ म्हणजे आरपार, आणि ‘ऱ्हिया’ म्हणजे वाहणे. हेमरेज, गोनोरिया, हेमरॉइड, अरिदमिया, हर्नियोऱ्हाफी, सगळीकडे हीच घडण. वाहणे, फुटणे, शिवणे या तिन्ही क्रियांचे ग्रीक धातू ऱ्हने सुरू होणारे असल्यामुळे शल्यचिकित्सेत हे अक्षरगट वारंवार भेटतात.

मराठी ज्ञानकोशकारांनी हा ऱ्ह फार पूर्वीच ओळखला होता. ऱ्हाईन नदी, ऱ्होडेशिया, ऱ्होडियम ही लेखने मराठीत रुळलेली आहेत. वैद्यकीय लेखनात मात्र आपण तो सोडून दिला, हे नुकसानच झाले.

वाय : आपला उकार

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लोकांनी ग्रीक शब्द लिहिण्यासाठी वाय आणि झेड ही दोन अक्षरे घेतली आणि वर्णमालेच्या शेवटी जोडली. दोन्ही तिथेच राहिली. वाय हे ग्रीक अप्सिलॉन. त्याचा मूळ ध्वनी उ, पुढे ओठांचा चंबू करून काढलेला इ, आणि अखेरीस इंग्रजीत साधा इ किंवा आय. त्यामुळे स्पेलिंग लिहिताना आय की वाय हा प्रश्न वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जितका भेडसावतो तितका दुसरा कुठलाही नाही.

मूळ ध्वनी उ होता, इथेच उत्तर आहे. ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा, म्हणून अनेक ग्रीक शब्दांची भावंडे संस्कृतात सापडतात, आणि जिथे संस्कृतात उ किंवा ऊ आहे तिथे ग्रीक भावंडात वाय येतो. हायपर हे उपरि, हायपो हे उप. हायड्रो हे उदक. डिस हे दुस्, म्हणजे दुर्बल, दुष्काळ यांतला दुर्. पायो म्हणजे पू. आयुर्वेदातला पूय हाच तो. मायो म्हणजे स्नायू, मूळ अर्थ उंदीर, आणि संस्कृतात मूष. झायगो म्हणजे जोखड, म्हणजेच युग. आणि एरिथ्रो म्हणजे तांबडा, ज्याचे संस्कृत भावंड रुधिर. एरिथ्रोसाइट या शब्दात वाय का आणि टी-एच का, याचे उत्तर रुधिरातल्या रु आणि धि या दोन अक्षरांत आहे, कारण संस्कृतातला ध ग्रीकमध्ये थ होतो. तसाच संस्कृतातला भ ग्रीकमध्ये फ होतो. नवजात बाळाच्या नाळेला संसर्ग झाला तर ओंफलायटिस म्हणतात, त्यातले पी-एच हे नाभीतल्या भचे रूप.

या भावंडांची उपयुक्तता डिस या उपसर्गात सर्वांत स्पष्ट दिसते. इंग्रजीत दोन डिस आहेत, एक वायचा आणि एक आयचा. बिघाड, त्रास, कष्ट असा अर्थ असेल तर तो दुस्, ग्रीक, वायचा : डिस्प्निया, डिस्फेजिया, डिस्युरिया, डिसमेनोरिया. वेगळे होणे, दूर करणे असा अर्थ असेल तर तो लॅटिन, आयचा, आणि त्याची जागा मराठीत वि घेतो : डिसेक्शन म्हणजे विच्छेदन, डिसलोकेशन म्हणजे सांधा विचलित होणे. डिस्चार्जमध्येही हाच आय. दुस् म्हणून पाहा, उकार दिसला तर वाय. वि म्हणून पाहा, इकार दिसला तर आय. डिसेंटरी हा शब्द पूर्ण उलगडून पाहावा : डिस म्हणजे दुस् आणि एंटेरॉन म्हणजे अंत्र. दुस् अधिक अंत्र. आमांशाचे ग्रीक नाव आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला न शिकवता कळावे, इतके ते जवळचे आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण हिप्पोक्रॅटिसचे. त्याच्या नावावर घेतल्या जाणाऱ्या शपथेचे स्पेलिंग लिहिताना अनेकजण वाय घालतात, हायपोच्या धाकाने. त्याच्या नावातला हिप्पो म्हणजे घोडा, अश्व. अश्वात उकार नाही, वाय येणार नाही. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसलाही हेच लागू.

आणखी एक पोटनियम : शब्दाच्या अगदी आरंभी ग्रीक वाय कधी एकटा येत नाही, त्याच्या आधी एच असतोच. हायजीन, हिस्टेरेक्टमी, हायपर, हायलिन. उदकात ह नाही, पण हायड्रोत तो येतो, कारण ग्रीकांनी शब्दारंभीच्या प्रत्येक उ-ला श्वास जोडला.

अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. रात्रीचा ग्रीक शब्द निक्त्, म्हणून रातांधळेपणासाठीच्या निक्टॅलोपिया या शब्दात वाय आहे, पण संस्कृत भावंड नक्त, त्यात उ नाही. नखाचा ओनिक्स वायचा, नखात मात्र उ नाही. गायनेकॉलॉजीतल्या स्त्रीवाचक शब्दाची गतही तशीच. म्हणजे उ दिसला तर वाय नक्की, पण उ दिसला नाही म्हणून वाय नाही असे म्हणता येत नाही. नियम एकाच दिशेने चालतो, तरीही तो ज्या शब्दांना लागतो ते शब्द रोजच्या वापरातले आहेत.

शब्दाच्या टोकांवर

न्यूमोनिया, सोरायसिस, टोसिस, टेरिजियम यांच्या आरंभी मुका पी आहे. इंग्रजी जीभ शब्दाची सुरुवात प्न, प्स, प्त अशा जोडाक्षराने करू शकत नाही, म्हणून तिने पहिला वर्ण टाकला. लिहिताना मात्र तो ठेवला. आधी स्वर आला की तो पुन्हा बोलू लागतो. न्यूमोनियात मुका असलेला पी ॲप्निया आणि डिस्प्नियात ऐकू येतो. टोसिसमधला पी हेमोप्टिसिसमधल्या पीशी गल्लत करण्याजोगा वाटतो, पण टोसिस म्हणजे पापणी पडणे, पत् धातू, पतन. नेफ्रॉप्टोसिसमध्ये त्याचा पी स्पष्ट उच्चारला जातो. निमॉनिकमधला मुका एम अम्नेशियात जागा होतो. म्हणून मुक्या पीची शंका आली तर त्याच कुळातला, आधी स्वर असलेला शब्द आठवावा. डायग्नोसिसमधला ग्न हा आपला ज्ञ. प्रोग्नोसिस तर घडणीने सरळ प्र अधिक ज्ञा, प्रज्ञा. रोगाची पुढची वाटचाल आधी जाणणे या अर्थाला हा शब्द दोन्ही भाषांच्या पूर्वजांनी जणू मिळून घडवावा, इतका तो जुळतो.

दुसऱ्या टोकाला एक्स आहे. लॅरिंक्सचे विशेषण लॅरिंजियल, थोरॅक्सचे थोरॅसिक. एकाच एक्समधून कधी जी निघतो, कधी सी. कारण एक्स हे दोन वर्णांचे जोडाक्षर आहे, पहिला क्, ख् किंवा ग् आणि दुसरा प्रथमेचा स्. स् गेला की मूळ व्यंजन उघडे पडते. हे आपल्याकडेही घडते आणि तेही वैद्यकातल्याच शब्दांत. त्वच् हा मूळ शब्द, प्रथमेत त्वक्, मराठीत पुन्हा त्वचा. भिषज् हा मूळ शब्द, प्रथमेत भिषक्, आणि औषधाला भैषज्य. रक्ताला असृक् म्हणतात, मूळ असृज्. टोकाला आलेले च् आणि ज् दोन्ही क् होतात आणि पुढे स्वर मिळाला की परततात. इंग्रजीतल्या नियमाची व्याप्ती अशी : एक्सच्या आधी एन असेल तर आतला वर्ण जी. लॅरिंक्स-लॅरिंजायटिस, फॅरिंक्स-फॅरिंजायटिस, फॅलँक्स-फॅलँजेस, सॅल्पिंक्स-सॅल्पिंजायटिस. पोकळ नळीला सिरिंक्स, आणि तिच्यापासून सिरिंज. एन नसेल तर बहुधा सी : कॉर्टेक्स-कॉर्टिकल, सर्व्हिक्स-सर्व्हायकल, अपेंडिक्स-अपेंडिसायटिस. माकडहाडाचा कॉक्सिक्स अपवाद, त्यातून जी निघतो.

ए-ई आणि ओ-ई या जोड्यांबद्दल थोडक्यात. ॲनिमिया, इडिमा, इसॉफॅगस, पीडिॲट्रिक्स यांत ब्रिटिश लेखन जोडी ठेवते, अमेरिकन एकट्या ईवर थांबते. आपल्याकडे शल्यचिकित्सेसाठी बेली अँड लव्ह वाचतात आणि औषधवैद्यकासाठी हॅरिसन, एक ब्रिटिश, एक अमेरिकन. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याच्या वहीत दोन्ही लेखने असतात. एक ठरवून त्यावर टिकणे एवढेच करायचे. नियम म्हणून लक्षात ठेवण्यासारखा आहे तो रक्ताचा एच. हीमोग्लोबिन, हेमरेज यांत आरंभी एच आहे, पण ॲनिमिया, ल्युकेमिया, सेप्टिसेमिया यांत नाही, जरी शब्द एकच. आधी दुसरे पद जोडले गेले की ग्रीक लेखनात तो श्वास लिहिला जात नसे. विदर्भातल्या सिकलसेलच्या गावांत ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे घरोघरी समजतात. त्या आजाराच्या पूर्ण नावातला ॲनिमिया एच गमावलेला आहे, आणि ज्याच्या प्रकारांना ए व एस म्हणतात तो हीमोग्लोबिन एच राखून आहे.

फसवी अक्षरे

काही शब्दांत ही खूण खोटी आहे. लिंफ हा लॅटिन शब्द, पाण्याचा. निंफ या ग्रीक शब्दाशी नाते मानून त्याला वाय चिकटवला गेला. सल्फर लॅटिन आहे, ग्रीक समजून त्याला पी-एच लावले गेले. आंतरराष्ट्रीय रसायनसंघाने १९९० साली एफचे लेखन स्वीकारले. फीटस लॅटिन, त्यात ओ-ईला आधार नाही. आणि हेडेकमधला ‘एक’ (दुखणे) हा शब्द शुद्ध इंग्रजी असूनही सी-एचने लिहितात, कारण सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या कोशात तो ग्रीक मानला. फीटस सोडला तर हे शब्द एक गोष्ट सिद्ध करतात : सी-एच, पी-एच, वाय ही ग्रीकपणाची चिन्हे आहेत याची जाण विद्वानांना इतकी पक्की होती की ज्याला ते ग्रीक समजले त्याला त्यांनी ती बहाल केली.

औषधांच्या नावांत याच्या नेमके उलटे धोरण आहे. जागतिक आरोग्य संघटना औषधांना आंतरराष्ट्रीय नावे देते, त्यांची पहिली यादी १९५३ साली निघाली. तिच्या तत्त्वांत म्हटले आहे की पी-एचऐवजी एफ, टी-एचऐवजी टी, ए-ई व ओ-ईऐवजी ई, वायऐवजी आय वापरावा आणि एच व के शक्य तो टाळावेत. म्हणून ॲम्फेटामीनला या यादीत एफ मिळाला, सेफॅलेक्सिनला एफ मिळाला, ईस्ट्रॅडिऑलचा ओ गेला. लिव्होथायरॉक्सिनसारखी जुनी नावे मात्र वायसकट टिकून आहेत. परिणाम असा की केसपेपरच्या वरच्या ओळीतला आजार पी-एचने लिहिलेला असतो आणि खालच्या ओळीतले औषध एफने. विद्यार्थ्याला ही विसंगती वाटते, पण दोन्ही ओळी आपापल्या नियमाने बरोबर असतात. औषध कुठल्याही देशातल्या दुकानदाराला वाचता यावे यासाठी ही काळजी घेतली गेली. २०१६ साली आपल्या वैद्यक परिषदेनेही औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला. कारण एका अक्षराच्या चुकीची किंमत इथे रुग्णाला मोजावी लागते.

देवनागरीचा प्रश्न

सावंगीच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते विनोबा पवनारचे. भारतातल्या सर्व भाषांसाठी त्यांच्या स्वतःच्या लिपीबरोबर नागरीही वापरावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्याच प्रेरणेने १९७५ साली नागरी लिपी परिषद स्थापन झाली. स्थानिक लिपी हटवण्याला त्यांचा विरोध होता. नागरी जोडीला असावी, एवढेच ते मागत. वैद्यकीय शिक्षणात हा ‘जोडीला’ शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत वाक्ये हिंदी आहेत आणि बहुतेक संज्ञा इंग्रजीच, नागरीत लिहिलेल्या. मराठीतही असे होईल, आणि व्हायला हवे. पण नागरी ध्वनी लिहिते, आणि ध्वनी लिहिताना मूळ अक्षर हरवते. नागरीतल्या न-मध्ये एन, पी-एन, जी-एन एकत्र होतात, स-मध्ये एस, सी, पी-एस, र-मध्ये आर आणि आर-एच. वर ज्या खुणांवरून आपण मूळ शोधले त्या सगळ्या पुसल्या जातात. फक्त नागरीत शिकलेला विद्यार्थी पुढे इंग्रजी नियतकालिक उघडेल तेव्हा त्याला ओळखीचा शब्दही अनोळखी दिसेल.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक म्हणजे नागरी लेखनातच जमेल तेवढे मूळ अक्षर राखायचे : आर-एचसाठी ऱ्ह, टी-एचसाठी थ, डिफ्थीरियात फ्थ. आपली लिपी हे करू शकते आणि ज्ञानकोशांनी ते करूनही दाखवले आहे. दुसरा, २०१९पासून एमबीबीएसच्या आरंभी जो फाउंडेशन कोर्स असतो आणि ज्यात भाषाकौशल्याला वेळ दिलेला असतो, त्यात वर सांगितलेले नियम शिकवायचे. इंग्रजी संभाषणाचे धडे त्या कोर्समध्ये होतातच. त्याच्या शेजारी उपरि-हायपर, दुस्-डिस, पूय-पायो, रुधिर-एरिथ्रो, भिषक्-लॅरिंक्स असे एक पान द्यावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात कळेल की तिने शाळेत शिकलेले संस्कृत इथे वाया जात नाही.

तरीही काही जोड्या नागरीला कधीच सुटणार नाहीत, आणि तिथे रोमन अक्षर लिहिलेच पाहिजे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इलियम म्हणतात आणि कमरेच्या रुंद हाडालाही इलियम म्हणतात. नागरीत दोन्ही सारखे, कानालाही सारखे. रोमनमध्ये एका अक्षराचा भेद : आतड्याचा ई-वाला, हाडाचा आय-वाला. आंत्राचा ग्रीक शब्द एंटेरॉन ई-ने सुरू होतो, तोच ई आतड्याच्या इलियममध्ये आहे, एवढे ध्यानात ठेवले तर पुरते. मराठी पुस्तकात मात्र हा शब्द एकटा छापू नये. ‘आतड्याचा इलियम’ आणि ‘हाडाचा इलियम’ असे लिहावे, आणि पुढे ई किंवा आय दाखवणारे पूर्ण स्पेलिंग द्यावे.